पाचवं घर

देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून फटकळ. लग्नानंतर सासूबाईंबरोबर गाणगापूरला गेले, तेव्हा भर उन्हात झोळी घेऊन दारोदार मधुकरी मागत फिरणारी खात्यापित्या घरची माणसं बघून मला हसू आवरेना. रोज दुपारी दत्तमहाराज स्वतः भिक्षेला येतात, कुठल्या रूपात ते कळत नाही, म्हणून इथे कोणाला रिकाम्या हाती पाठवायचं नसतं, असं सासूबाईंनी मला दरडावून सांगितलं. परतताना त्यांनी गुलबर्ग्याच्या दर्ग्यातही डोकं टेकवलं. मी बाहेर चपला सांभाळत बसले.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आखातात आलो. इथे माबेलाला आमच्या समोरच्या दारात राहणारी भाभी रत्नागिरीकडची. तिची बहीण गुलबर्ग्याला दिलेली, त्यामुळे दर सुट्टीत ही दर्ग्यात चादर चढवून यायची आणि मी तिची यथेच्छ चेष्टा करायची. माझ्या नवऱ्याला ती भाई म्हणायची, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. आजारपणात दोघं एकमेकांना औषधावरून रागवायची.

यंदा तो अल् खुवैरच्या ऑफिसात खुर्चीवरून कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सासूबाई तिकडे गावी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांनी फोनवर एकच धोशा लावला, की घरातल्या कोणीतरी गाणगापूरला जाऊन पाच घरं मधुकरी मागा, माझा मुलगा उठून बसेल. आयसीयूचं दार सोडून मी कुठे जाणार होते? दीर सासूबाईंच्या उशाशी अडकलेला. भाभीचं सुट्टीचं तिकीट आधीच काढलेलं होतं.

"मी मागते की," ती म्हणाली. "घरातलीच ना मी?"

बुरख्यातल्या बाईला कोण भिक्षा घालणार, म्हणून मी तिच्यावर खेकसले. तिने ऐकून घेतलं आणि गेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. सासूबाईंना सांगायचं काम दिराने अंगावर घेतलं. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून होते, आणि भाभीला कळवायचं राहूनच गेलं. सकाळी ऊन चढल्यावर तिचाच फोन आला. तिकडे दुपार झाली होती. धापा टाकत ती सांगत होती, की चार घरं झाली, एका म्हातारीने तर भाकरीवर तूपही घातलं, आता एकच घर उरलंय, मग संध्याकाळी दर्ग्यात जाते. मग तिने विचारलं, "भाई कसा आहे गं?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटले ते भलतेच.

"आहे तसाच आहे," मी म्हटलं.

"अल्लाचं शुकर," ती म्हणाली आणि चालू लागली. गडबडीत फोन बंद करायचं तिला सुचलं नसावं. मला तिची पावलं ऐकू येत होती, मग कोणाच्या तरी दाराशी थांबून ती म्हणाली, "माई, भिक्षा वाढा. भाऊ आजारी आहे माझा."

मी फोन कानाशी गच्च धरला. सगळ्या जगात ती एकटीच उरली होती, जिच्यासाठी तो अजून जिवंत होता, आणि मला तिच्याजवळच थांबायचं होतं.