सहावारीचा काष्टा

१३ जानेवारी १९७४, रविवार. धाकट्या बहिणीच्या खिदिरपूरच्या क्वार्टरमध्ये सकाळी साडेसातला मी तीळ भाजत उभी होते. दुसऱ्या दिवशी संक्रांत. बहीण न्हाणीघरात घसरून पडली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी सांगलीहून चिकीचा गूळ बरोबर घेऊन, दोन रात्री गाडीत काढून कलकत्त्याला आले होते. तीळ भाजायचे, दाण्याचं कूट करून ठेवायचं आणि नऊच्या आत घराबाहेर पडायचं, असा त्या सकाळचा हिशेब होता.

बाहेर पडायचं होतं ते भाचीसाठी. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. बेहालाच्या पलीकडे एक लहानसा विमानतळ होता आणि तिथल्या एका क्लबात ग्लायडर चालवायला शिकवत. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. मैत्रिणीबरोबर दोन-तीनदा ती ते पाहून आली आणि तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. प्रवेशाचा फॉर्म पंधरा तारखेच्या आत द्यायचा होता आणि एकवीस वर्षांखालच्यांना वडिलांची सही लागत होती. तो फॉर्म आठवडाभर रेडिओखाली दाबून ठेवलेला होता.

मेव्हणे कस्टममध्ये, गोदीवर. पेटी उघडून आतला माल पाहिल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, ही त्यांची वीस वर्षांची सवय. पण हा माल पाहायला जायची त्यांची तयारी नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहिलं तरी त्यांना घेरी येई. बहीण म्हणाली, ताईला पाठवा. मेव्हण्यांना ते लगेच पटलं. का पटलं, ते मलाही कळत होतं. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. नाही म्हणणं हे माझं पगारी काम होतं.

"ताई, तुम्ही बघून या," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं करू."

भाचीलाही ते कळत होतंच. बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली, पण सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी तिला विचारलं की तिथं पाणी मिळतं का, बरोबर घ्यायला हवं होतं का. मिळतं, म्हणाली. एवढंच आमचं बोलणं.

मैदान सपाट आणि मोठं. एका टोकाला ट्रकचं जुनं इंजिन बसवलेलं आणि त्याला एक भलामोठा लोखंडी रहाट. रहाटावरची तार मैदानभर ओढत दुसऱ्या टोकाला नेलेली. ती तार ग्लायडरच्या पोटाला अडकवायची, रहाट फिरवायचा, की पतंगासारखं ते वर चढतं. वर गेलं की तार सोडून द्यायची. पुढे वारा आणि चालवणारा, दोघांनी बघून घ्यायचं. मी कुंपणाशी उभी राहून तीन उड्डाणं पाहिली आणि माझा निकाल जवळजवळ ठरला. इंजिन नसलेल्या वस्तूत पोरीला बसवायचं कशाला?

शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, बंगाली, अंगात उसवलेला स्वेटर. माझ्याकडे येऊन त्यांनी हिंदीत विचारलं, आपण कोण? मुलीची मावशी, मी सांगितलं. बघायला आले आहे. ते म्हणाले की सगळ्या मुलींच्या घरचे येतात, याच कुंपणाशी दहा मिनिटं उभे राहतात आणि घरी जाऊन नाही म्हणतात. मग म्हणाले, "दीदी, नाहीच म्हणायचं असेल तर निदान एक फेरी मारून म्हणा."

ग्लायडरमध्ये दोनच जागा होत्या, एकीमागे एक. पुढे शिकाऊ, मागे ते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच माझ्या साडीकडे बघून मान हलवली. साडीत जमणार नाही, म्हणाले. पॅरॅशूटचे पट्टे दोन्ही पायांमधून घ्यावे लागतात, आणि चालवायची दांडी बसणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये असते. निऱ्यांचा घोळ तिच्यात अडकला तर दोघंही खाली.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. न जायचं चांगलं सरळ कारण मिळालं होतं. मेव्हण्यांना सांगायलाही ते पुरलं असतं.

माझ्यामागून भाची हळूच मराठीत म्हणाली, "मला वाटलंच होतं."

ती चिडून म्हणाली नाही. वसतिगृहात मुली सहलीची परवानगी मागायला येत, तेव्हा माझं उत्तर ऐकायच्या आधीच त्यांचे चेहरे असे होत. मी त्यांना नाही म्हणत असे आणि त्या खोलीत परत जात. इतक्या वर्षांत एकीच्याही सहलीची जागा मी आधी जाऊन पाहिली नव्हती. मी शिकवणाऱ्यांना विचारलं, आतून कडी असलेली खोली आहे का?

क्लबाच्या कचेरीमागे सामानाची एक खोली होती. भाचीला बरोबर घेतलं, कडी लावली आणि साडी सोडली. बाराव्या वर्षी आईने मला नऊवारी नेसायला शिकवली होती, आणि काष्टा सैल राहिला की ती सगळं सोडून पुन्हा नेसायला लावी. तेव्हा फार राग येई. मुंजी-लग्नांपलीकडे मी नऊवारी फारशी नेसले नाही, पण हात विसरले नव्हते. सहावारीत कापड कमी पडतं, त्यामुळे काष्टा आखूड होतो. परकर काढला, घडी करून भाचीच्या हातात दिला. कमरेला गाठ मारली, मधल्या निऱ्या पायांतून मागे नेऊन घट्ट खोचल्या, पदर कमरेभोवती गुंडाळून त्याला दोन पिना लावल्या. साडी गुडघ्याच्या जेमतेम खाली आली. सत्तेचाळीसाव्या वर्षी उघड्या पोटऱ्या घेऊन मैदानात जायचं म्हणजे जरा विचारच करावा लागला. भाचीने खाली बसून आपले कॅनव्हासचे बूट काढले आणि मला दिले. ती तशीच अनवाणी, माझा परकर छातीशी धरून, माझ्यामागून बाहेर आली.

शिकवणाऱ्यांनी काष्ट्याकडे एकदा नीट पाहिलं. पट्टे पायांमधून घेतले, ओढून बघितले, ठीक आहे म्हणाले. मग त्यांनी नियम सांगितले. मी 'उडी' म्हटलं की ही कडी काढायची, बाहेर पडायचं, तीन आकडे मोजायचे आणि ही रिंग ओढायची.

"आणि रिंग ओढायला विसरले तर?" मी विचारलं.

"तर तुमची तक्रार माझ्याकडे पोचणार नाही," ते म्हणाले.

पारदर्शक झाकण बंद झालं. तार ताणली गेली, आणि एकदम कोणीतरी पाठीत धक्का द्यावा तसे आम्ही निघालो. मैदान गेलंच, समोर नुसतं आकाश. मी डोळे मिटले नाहीत, कारण पाहायला आले होते. मग ग्लायडरच्या पोटाखाली ठक्क झालं, तार सुटली, नाक खाली आलं, आणि आवाज थांबला. पंखांवरून वाऱ्याची बारीक शीळ तेवढी येत होती.

खाली नारळाची झाडं, हिरवी तळी, गच्च्यांवर वाळत टाकलेल्या रजया. एका गच्चीवर एक बाई डाळीच्या वड्या घालत होती. तिचा हात हललेला मला वरून दिसला. पलीकडे गोदीच्या क्रेन आणि मागे गंगा, शहरातून दिसते त्यापेक्षा कितीतरी रुंद. मेव्हणे ज्या जागी रोज पेट्या उघडतात ती जागा माझ्या अंगठ्याएवढी होती.

डावीकडे एक घार गोल फिरत होती. शिकवणाऱ्यांनी ग्लायडर तिच्याकडे वळवलं. घार पंख न हलवता वर चढते तिथे खालून ऊन हवा वर येत असते, ते मागून ओरडून सांगत होते. आम्ही घारीच्याच घेऱ्यात शिरलो आणि खरोखरच वर जाऊ लागलो. मग ते म्हणाले, आता दांडी तुम्ही धरा.

मी दोन्ही हातांनी घट्ट धरली. ग्लायडर लगेच झुलायला लागलं. घट्ट नको, ते म्हणाले. तेव्हा मला सकाळचे तीळ आठवले. गरम पाकाचे लाडू वळताना मुठीत दाबले तर हात भाजतो आणि लाडूही फुटतो. नुसता ओला तळवा फिरवायचा असतो. मी तशी दांडी धरली. झुलणं थांबलं. कदाचित मिनिटभरच, पण ते ग्लायडर मी चालवलं.

उतरताना एक दणका बसला, बाकी काही नाही. भाची अनवाणी धावत आली. काय ठरलं, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण अजून एक काम बाकी होतं. मी शिकवणाऱ्यांना म्हटलं, ती तार मला दाखवा. ती कोण तपासतं, कधी तपासतं? त्यांनी मला मैदानभर चालवत नेलं, तार हातात दिली, कुठे सांधली होती ते दाखवलं. रोज सकाळी पहिल्या उड्डाणाआधी तपासणाऱ्याची वहीत सही होते, ती वही पुढे केली. त्या दिवसाची सही होती. आधीच्या दिवसांच्याही होत्या. त्या गृहस्थांचे मी मनापासून आभार मानले. इतके प्रश्न विचारूनही ते एकदाही वैतागले नव्हते.

घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मेव्हणे दारातच म्हणाले, मग काय ताई? पण बहिणीने आम्हाला येताना पाहूनच डाव्या हाताने गूळ चढवला होता, आणि पाक कोणासाठी थांबत नाही. मी आणि भाची हात धुऊन बसलो. मेव्हणे स्टूल ओढून स्वयंपाकघरातच बसले. सगळे लाडू वळून होईपर्यंत मी बोलले नाही; त्या पाकात बोलता येतही नाही. भाचीने दोन लाडू फोडले. शेवटचा ठेवल्यावर मी म्हटलं, "तार रोज तपासतात, वहीत सही असते. माणूस सावध आहे. सही करा."

"लांबून बघून तुम्हाला काय कळलं?"

"कुंपणातून काही कळलं नाही. मी बसून आले."

बहीण हसायला लागली, आणि हसताना प्लास्टरचा हात दुखला म्हणून कळवळली. भीती वाटली का, मेव्हण्यांनी विचारलं. वाटली, मी सांगितलं. हिलाही थोडी वाटू दे, म्हणजे पट्टे नीट बांधेल. ते उठले, रेडिओखालचा फॉर्म काढला, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचला आणि सही केली. भाचीने माझ्या हातावर एक फुटका लाडू ठेवला. तो मी तिथेच खाल्ला.

मी त्या मुलीची आजही ऋणी आहे. 'मला वाटलंच होतं' हे तिने म्हटलं नसतं तर मी कुंपणापासूनच परतले असते, आणि वसतिगृहातल्या मुलींनाही निवृत्तीपर्यंत पुढची अकरा वर्षं तसंच नाही म्हणत राहिले असते. तेव्हापासून नाही म्हणण्याआधी मी जाऊन पाहून येत असे. पुष्कळदा पाहून आल्यावरही नाहीच म्हटलं, पण मुलींना त्याचं कारण सांगता आलं. आणि आईची ऋणी तर मी आहेच. तिचा काष्टा कामी आला हे ऐकायला ती तेव्हा हयात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपून बहिणीचं शिवणयंत्र पुसायला घेतलं, तेव्हा मेव्हणे कामावर निघाले होते. जाताजाता त्यांनी आपल्या दोन जुन्या पँटी यंत्रावर आणून ठेवल्या. "कंबर बरीच आत घ्यावी लागेल," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी भाचीला बोलावून तिचं माप घेतलं आणि पहिल्या पँटीची मागची शिवण उसवायला बसले.