युको परत आल्याचं कोणी सांगितलंच नाही

संगीता आडे दिग्रसजवळच्या तांड्यातली. वडील नेमसिंग शेतकरी, पण तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या गाजवलेले. समोरच्याचे दोन्ही पाय कवेत घेऊन त्याला उताणं कसं करायचं, हे त्यांनी पोरीला वेचलेल्या कापसाच्या ढिगावर शिकवलं. शाळेत ज्युदो सुरू झाला तेव्हा तोच डाव तिच्या कामी आला. सतराव्या वर्षापर्यंत जिल्ह्यात तिच्या वजनगटात तिच्यापुढे कोणी टिकत नव्हतं.

२०१३ साली ती राज्य स्पर्धेसाठी पुण्याला गेली. पहिल्याच लढतीत तिने वाकून समोरच्या मुलीचे पाय धरले. मुलगी धाडकन पाठीवर आपटली, म्हणजे खरं तर लढत तिथेच जिंकलेली, आणि पंचाने संगीतालाच बाद केलं. आंतरराष्ट्रीय महासंघाने तो डाव बंद केला होता. ज्युदो फार कुस्तीसारखा दिसायला लागला, असं म्हणे तिकडच्या लोकांना वाटलं. आधी त्यांनी थोडी बंदी घातली, मग पुरतीच. तिच्या शिक्षकांकडे मात्र जुन्या पुस्तकाची झेरॉक्स होती.

"पाय धराचे नाई तं काय कान धराचे?" नेमसिंग फोनवर ओरडले.

अठ्ठावीस सेकंदांच्या लढतीसाठी ती एवढ्या लांब गेली होती.

पुढे ती दिग्रसच्याच एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. आपल्या एकाही मुलीला असं तोंडघशी पडू द्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. इंग्रजी जेमतेम असूनही ती मोबाइलवर नवे नियम शोधून वाचायची, मराठीत उतरवून मुलींकडून पाठ करून घ्यायची. पण नियम काही स्वस्थ बसेनात. कोका नावाचा सगळ्यात छोटा गुण तर ती शिकत होती तेव्हाच गेला होता. २०१७ मध्ये त्याच्या वरचा युकोही गेला. म्हणजे कोणाला नुसतं अर्धवट कुशीवर पाडलं, तर हाती काही नाही. तिने मुलींच्या अंगात मुरलेली सवय मोडायला दोन वर्षं घालवली. आणि २०२५ मध्ये युको परत आला!

"याडी, हे लोक मले पागल करून सोडतीन," ती आईला, भुरीबाईला, म्हणाली.

"मंग सोड ना ते," भुरीबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "कबड्डी शिकव."

त्याच वर्षी यवतमाळला जिल्हा स्पर्धा झाली. संगीताची सुरभी अंतिम लढतीत होती. तिसऱ्या मिनिटाला तिने समोरच्या मुलीला अर्धवट कुशीवर पाडलं. चोख युको. संगीता उभी राहिली. पंच राजदीप सर मात्र हात खाली सोडून शांत उभे. फलकावर शून्य ते शून्यच. लढत लांबली, सुरभी दमली आणि शेवटी हरली.

"सर, युको होता!" संगीता टेबलाजवळ धावली.

"मॅडम, युको बंद होऊन जमाना झाला. तुम्ही जुनंच धरून बसून राह्यल्या."

"जुनं मी धरून बसली?" तिचा आवाज चढला. तिने मोबाइलवर नियमांचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. राजदीप सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"इंग्रजीत हाय हे."

"मी सांगतो ना मराठीत!"

"तसं नाई चालत. आमाले पत्र नाई आलं. पत्र आलं की देऊ युको."

तिने लेखी तक्रार दिली. आयोजकांनी ती घेतली, तिला चहा पाजला, निकाल मात्र तोच ठेवला. संगीताला रडू येत होतं ते रागानं. नव्या नियमाने तिला बाहेर काढलं होतं, आता जुन्या नियमाने तिची पोर हरली होती. बसमध्ये सुरभीनेच तिची समजूत घातली.

"मॅडम, पुढच्या खेपेले पाठीवरच पाडीन. पूरी. मंग कोणाचं पत्र नाई लागत."

"तू पाड वं बाई. पण मी बी आता गप नाई बसत."

पुढच्या सुट्टीत तिने नागपूरला जाऊन पंच-परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत परीक्षकाला एका मुद्द्यावर तिनेच दुरुस्त केलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पास केलं.

आता वणीपासून पुसदपर्यंतचे शिक्षक नियम विचारायला तिलाच फोन करतात, तेही नेमके जेवणाच्या वेळी. परवा राजदीप सरांचा आला.

"मॅडम, तो युको... किती कुशीवर पडला म्हंजे द्याचा?"

संगीताने हातातला घास ताटात ठेवला, एक लांब श्वास सोडला आणि सांगायला सुरुवात केली.