गोठ्यातली आगटी

धूरबंदी मोडल्याबद्दल आमच्या वाडीच्या फळ्यावर एकच नाव लागलं, आणि ते मी स्वतःच्या हातानं लिहिलं. माझंच.

त्या हिवाळ्यात केंदूर-शिक्रापूरकडची हवा इतकी बिघडली की समोरचा बांध दिसेना. हवा निवळेपर्यंत चूल, बंब, शेकोटी काही पेटवायचं नाही, असं वरून पत्र आलं. वाडीत ते पाळायला लावायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. (माईक मिळणार असेल तर मी कुठलंही काम अंगावर घेतो.) माझ्याच आवाजात दवंडी रेकॉर्ड केली आणि रिक्षावर भोंगा बांधून वाडीभर सोडली. शेजारच्या सोनाकाकूंचा बंब तर मी जातीनं विझवला. डोक्याला शिकेकाई चोळून बसलेल्या काकू एवढंच म्हणाल्या, "तुजीबी येळ यील, बाबा."

तिसऱ्याच दिवशी पाटसच्या माणिकरावांचा फोन आला. "रविवारी हुरडा खायाला येतो. तुमची पोरगी आमच्या पोराला पसंत हाय. बसून बोलू. जमलं तर तिथंच सुपारी फोडू."

आश्विनीची आधीची दोन स्थळं माझ्या बडबडीनं मोडली होती. बायकोनं बजावलं, "हे बी गेलं तर मी माहेरी. तुम्ही ऱ्हावा भोंग्यासंगं."

हुरड्याला आगटी लागते. खड्ड्यात गोवऱ्या पेटवायच्या आणि निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची.

"बाबा, गॅसवर भाजू," आश्विनी म्हणाली.

"पाटसच्या माणसाला गॅसवरचा हुरडा? दारातनं माघारी जातील."

मग मला ती अफाट कल्पना सुचली. धूर बाहेर दिसलाच नाही, तर आगटी पेटली असं कोण म्हणेल? रविवारी सकाळी मी गोठ्यात, पत्र्याखाली खड्डा खणला, झरोक्यांना ओली पोती लावली, दार ओढून घेतलं आणि काडी लावली. म्हैस आतच होती. (तिचं मत मी विचारलं नाही.)

बाहेर अंगणात पाहुणे पोहे खात होते. आत मला माझा हात दिसेना. आधी म्हैस ठसकली, मग मी ठसकलो. मग तिनं दावं तोडलं, झरोक्याचं पोतं शिंगावर घेतलं आणि दार पाडून थेट पाहुण्यांमधून गेली. तिच्यामागं धूर. धुरामागं मी, तव्याच्या बुडासारखा काळा.

नेमकी तेव्हाच रिक्षा आली. "बंधुभगिनींनो, धूर करणारा माणूस गावाचा वैरी आहे! त्याचं नाव फळ्यावर लिहिलं जाईल!"

माणिकरावांनी टोपीनं नाक दाबलं. "आवाज कुनाचा ह्यो?"

बांधावरून सोनाकाकू म्हणाल्या, "ह्येंचाच की."

"आन् धूर?"

"त्योबी."

अंगणात नुसतं खोकणं. बायको माझ्याकडे बघत नव्हती, हे जास्त वाईट होतं. आश्विनीनं बादली उचलली, गोठ्यात जाऊन आगटीवर ओतली. आली, कणसं हातावर चोळली, दाणे ताटलीत घेतले आणि माणिकरावांपुढं ठेवले.

"मामा, भाजलेला मिळणार न्हाई. नियम बाबांनीच सांगितला आन् बाबांनीच मोडला. कच्चाबी गोड लागतो."

माणिकराव दाणे चावत राहिले. पोराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर बायकोनं असा चिमटा काढला की ते तसंच उघडं राहिलं.

"पोरगी खरं बोलती," माणिकराव म्हणाले. "फोडा सुपारी. फकस्त यादीत एक अट लिवा. लग्नात बापाला होमाजवळ बसवायचं न्हाई."

अट पाळली गेली. होमापुढं माझा धाकटा भाऊ बसला. मला मांडवात मानाची खुर्ची होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाटसचे दोन धिप्पाड पाहुणे, भरलेली एकेक घागर घेऊन.