फुलीबाईची चोविसावी गाठ

फुलीबाईला मी त्या वर्षी दोनदा टोचून बोलले. दोन्ही वेळा ती गप्प राहिली आणि दोन्ही वेळा चूक माझी निघाली. आता माझे दात गेले, जीभ मात्र आहे तशीच आहे. तेव्हा ही गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसऱ्या कोणी सांगितली तर भिडेखातर माझं बोलणं गाळून टाकतील, आणि मग गोष्टीत काही उरायचं नाही.

सन छत्तीस सालचं सांगते. चिंचपाड्याच्या अलीकडे, रुळांच्या कडेला आमची मिशनची वस्ती होती. पंधरा-सोळा घरं, शाळा, छोटा दवाखाना आणि कौलारू देऊळ; चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. माझे मालक शाळेत मास्तर. मी नंदुरबारची, म्हणून स्वतःला शहरातली समजायचे. आमच्या भिंतीला भिंत लागून दलसिंग आणि फुलीबाईचं घर. दलसिंग मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचा आणि फुलीबाई दवाखान्यात पट्ट्या धुवून उकळायची. अंगानं काटक, बोलायला कमी. एक पाय जरासा ओढत चालायची.

त्या पायामुळेच ती आमच्यात आली होती. मूळची तोरणमाळच्या डोंगरातली. पंधरा वर्षांची असताना पाय सडायला लागला, तेव्हा तिच्या बापानं, नथ्थूनं, तिला पाठीवर झोळीत घालून डोंगर उतरवला, तापी ओलांडली आणि दवाखान्याच्या ओट्यावर आणून ठेवलं. पाय वाचला. बरी होईपर्यंत पोर इथंच रमली, काम शिकली, पुढं बाप्तिस्मा घेतला आणि देवळात दलसिंगशी लग्नही केलं. बापाला काही विचारलं नाही. नथ्थूला कळलं तेव्हा तो आला, अंगणात उभा राहिला, लेकीकडे पाहिलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घेतला नाही. आल्या पावली परत गेला. त्याला सात वर्षं झाली होती. फुलीबाई त्याबद्दल बोलायची नाही, पण तो तांब्या तिनं कधी दुसऱ्या पाहुण्याला दिलेला मी पाहिला नाही.

तर त्या वर्षी नोव्हेंबरात दवाखाना चालवणाऱ्या गोऱ्या मडमबाईंना त्यांच्या देशातून एक पुडकं आलं. त्यात कागदाचं घर होतं. घराला चोवीस खिडक्या, प्रत्येकीवर आकडा. एक डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची, आत चित्र. कुठं घंटा, कुठं हरीण, कुठं पांढरं शुभ्र रान. चोविसावी उघडली की नाताळ दारात. मडमबाईंनी सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं, "प्रत्येक घराने असे घर बनवायचे. रोज संध्याकाळी दिवा लावून एक खिडकी उघडायची आणि एक गीत म्हणायचे. मुलांना वाट पाहायला शिकवायचे."

मास्तरांची बायको मी. सगळ्यांच्या आधी करून दाखवणं भागच होतं. औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, गव्हाच्या पिठाची खळ केली, खिडक्या चिकटवल्या, आत चित्रं काढून घेतली. डिसेंबर लागायला आठ दिवस होते, म्हणून घर फळीवर ठेवलं. तीन रात्रींत उंदरांनी माझ्या सात खिडक्या उघडल्या. खळ गोड लागली असणार.

मी चरफडत होते, तेवढ्यात फुलीबाई अंबाडीची दोरी घेऊन आली. दोरीला ओळीनं चोवीस गाठी. प्रत्येक गाठीत चिंधीत बांधलेलं काहीतरी: कुठं फुटाणा, कुठं बोर, कुठं गुंजेचे दाणे, आणि शेवटच्या गाठीत गुळाचा खडा. त्यांच्या डोंगरात लग्नाचं आवतण असंच जातं म्हणाली. जितके दिवस उरलेत तितक्या गाठी मारून दोरी पाठवायची. पाहुणा रोज एक गाठ सोडतो, आणि शेवटची सोडायची वेळ येते त्या दिवशी मांडवात हजर होतो. लिहिणं नाही, वाचणं नाही, चूक नाही.

"दोरी ढोरले बांधतस व, नाताळले नही," मी म्हणाले. हे माझं पहिलं टोचणं.

ती दोरी घेऊन तशीच मडमबाईंकडे गेली. मडमबाईंनी मात्र दोरी हातात घेतली, गाठी मोजल्या आणि आपलं कागदाचं घर पेटीत ठेवून दिलं. चार दिवसांत वस्तीतल्या प्रत्येक भिंतीवर फुलीबाईच्या हातची दोरी लोंबू लागली. माझ्याही.

सगळ्यांच्या दोऱ्या झाल्यावर तिनं आणखी एक वळली. बारीक, साधी, गाठीत काही न घालता. ती बापासाठी होती. दलसिंग काळजीत पडला. तिच्या डोंगरात आवतणाची दोरी परत पाठवली की नातं तुटल्यातच जमा असतं.

"त्यानी दोरी परत धाडी ते?" त्यानं विचारलं.

"मंग समजसू का माले माहेर नही," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत ती मनातलं उघड बोलली ते हेच. माहेर आहे गं, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. चांगलं बोलायला माझी जीभ नेमकी वेळेवर चालत नाही.

दोरी न्यायला दिलवरसिंग मिळाला. हा सपाटीवरचा माणूस, दरवर्षी थंडीत तोरणमाळला जाऊन मध, डिंक, चारोळी विकत आणायचा. एक तारखेला सकाळी त्यानं दोरी नीट कमरेला गुंडाळली आणि गेला. नंदुरबारपर्यंत गाडी, रनाळ्याला वाट वाकडी करून बहिणीकडे मुक्काम, मग पायी तापी, शहादा आणि वरचा चढ.

इकडे रोज संध्याकाळी दिवा, गीत, एक गाठ. पोरं दिवसभर गाठी चाचपत बसायची, आत बोर आहे की फुटाणा यावरून भांडायची. वीस तारखेला दिलवरसिंग परत आला. फुलीबाई ओले हात पुसत रस्त्यावरच त्याला गाठायला गेली.

"दिधी," तो म्हणाला. "म्हतारानी हातमा लिधी, कुडले टांगी दिधी."

"काय बोलना?"

"काहीच नही."

"परत ते नही दिधी ना?"

"नही व माय."

कुडाला टांगली म्हणजे घरात ठेवली. तिनं त्याच दिवशी अंगण सारवलं.

चोवीस तारखेला प्रत्येक घरात शेवटची गाठ सुटली, पोरांनी गूळ वाटून खाल्ला. फुलीबाई दारात उभी होती. देवळाची घंटा झाली, आम्ही सगळे गेलो, तीही आली, पण मागं बसली आणि दाराकडे बघत राहिली. नथ्थू आला नाही. पंचविसालाही नाही. जेवणं झाली, मी तिच्या घरी करंज्यांचं ताट घेऊन गेले, तर भिंतीवर दोरी तशीच. एक गाठ शिल्लक, आणि गुळाच्या वासानं मुंग्यांची रांग छतापासून गाठीपर्यंत लागलेली.

आणि मी बोलले. "येशू जन्मना, जग जेवनं, अन् तुन्ही गाठ तशीच. मुंग्या नाताळ करी ऱ्हायन्यात."

हे दुसरं. ती ताट घेऊन आत गेली. मी घरी आले तरी ते शब्द माझ्याच कानात कुरतडत राहिले. मागून मडमबाई तिच्याकडे गेल्या, त्यांनीही गाठीबद्दल विचारलं. त्यांना तिनं उत्तर दिलं, शाळेतल्या मराठीत, जपून: "बाई, येशू आला. पण मी बोलावलेला माणूस आला नाही. तो आल्याशिवाय या घरात सण नाही." मडमबाईंनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यापेक्षा त्यांना अक्कल जास्त.

सव्विसाला दिलवरसिंग फुलीबाईकडे फराळाला आला, मीही माझं ताट परत न्यायला तिथंच होते. फुलीबाईनंच त्याच्यापुढं ताटली ठेवली. करंजी खाता खाता तो स्वतःची फुशारकी मारू लागला.

"तुन्ही दोरी कितली संभाळी माहीत शे का? चोवीसना चोवीस गाठी. वाटमा एक बी सुटू दिधी नही. रोज मोजी लिध्यात."

फुलीबाई उभी होती ती खाली बसली.

दोरी घेऊन जाणाऱ्यानं वाटेत रोज एक गाठ सोडत जायचं असतं. नाहीतर दिवस कसे जुळणार? त्यांच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून दिलवरसिंगला ते सांगायला हवं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. जेवताना तोंड उघड म्हणून कोणी कोणाला सांगतं का? आणि सपाटीवरच्या त्या प्रामाणिक माणसानं परक्याच्या गाठींना हात लावला नाही.

"कोणता दिन दिधी?" तिनं विचारलं.

"पाच तारीख. शनवार."

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. मीही मोजलं. चार गाठी जास्तीच्या. बाप मोजत असेल तर त्याचा नाताळ अठ्ठाविसाला होता.

मोजत असेल तर. दोरी नुसतीच कुडाला लोंबत असली, तर अठ्ठावीसही जाईल आणि एकोणतीसही. अठ्ठाविसाला, सोमवारी सकाळी मात्र मी पुन्हा कढई चढवली. मालकांनी विचारलं, आता कसला सण? म्हटलं, तुम्ही शाळेत जा.

त्या दिवशी वस्तीत ज्याला त्याला फुलीबाईच्या अंगणाजवळच काम निघालं. कोणी कुंपण बांधत होतं, कोणी उगाच शेळी शोधत होतं. मडमबाईसुद्धा दोनदा येऊन गेल्या. चारची गाडी गेली, कोणी उतरलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा फुलीबाईनं दिव्यात तेल घातलं. नजर रुळांकडे होती, तेल जमिनीवर सांडलं.

मग रुळांच्या बाजूनं एक म्हातारा येताना दिसला. धुतलेलं धोतर, डोक्याला फडकं, काखेत कोंबडी. गाडीनं नव्हे, तोरणमाळपासून पायीच आला होता, मुक्काम करत. अंगणात आला आणि सात वर्षांपूर्वी उभा होता तिथंच थांबला. त्यानं उजवा हात वर केला. मनगटाला दोरी गुंडाळली होती आणि तिला एकच गाठ होती.

उघड्या दारातून त्याला भिंत दिसत होती. तिथल्या दोरीलाही एकच गाठ.

तो त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. फुलीबाईनं मला नंतर सांगितलं: "बरोबर दिवशी आलो."

कुंपणापाशी आम्ही दहा-बारा जण होतो. दिलवरसिंगनं तोंड उघडलं. माझ्याही जिभेच्या टोकावर होतं, की बाबा, चार दिवस उशीर झाला. मी दिलवरसिंगचा दंड असा दाबला की त्याला आठवडाभर वळ राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे शब्द गिळले.

नथ्थू घरात गेला. दिव्याच्या उजेडात त्यानं भिंतीवरची गाठ सोडली. सावकाश, नखानं. चिंधीतून गुळाचा खडा निघाला, मुंग्यांनी अर्धा खाल्लेला. त्यानं फुंकर मारून मुंग्या उडवल्या आणि तो तोंडात टाकला. मग मनगट लेकीपुढं धरलं. तिनं त्याची गाठ सोडली. ती रडत होती आणि रडणं लपवत नव्हती.

गूळ खाल्ल्यावर माणसाला तहान लागते. म्हातारा भिंतीला टेकून बसला, इकडं तिकडं पाहिलं आणि हातानं खूण केली.

फुलीबाईनं तो तांब्या भरून आणला. नथ्थूनं तो एका दमात रिकामा केला, आणि पुन्हा पुढं धरला.