तलावाचा अर्ज आणि मुक्त संगणक

तालुक्याच्या कॉलेजात ‘मुक्त संगणकप्रणाली’वर कार्यक्रम झाला. दीपप्रज्वलन झालं, चार सत्कार झाले आणि वक्त्यांनी स्वातंत्र्यावरचं भाषण ज्या संगणकावरून दाखवलं, त्यात चोरीची प्रणाली होती. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण माझा संगणक दर महिन्याला व्हायरसने मरायचा, आणि शाळेत प्रामाणिकपणा शिकवून घरी चोरीचा माल वापरायचा याची टोचणीही होती. तिथे फुकट वाटलेली मुक्त प्रणालीची सीडी मी आणून संगणकावर बसवली.

गावच्या मच्छीमार संस्थेचे कागद मीच टाइप करत असे. तलावाचा ठेका नव्याने मिळवायचा होता आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ठेका गेला तर तलाव बाहेरच्या ठेकेदाराचा. आमची पद्धत ठरलेली होती: मागचा अर्ज उघडायचा, तारीख बदलायची, मेलेल्या सभासदाच्या जागी मुलाचं नाव घालायचं. संस्थेचे अध्यक्ष शेजारी बसले. मी फाईल उघडली.

“मॅडम, हे इंग्रजी काहून?”

“इंग्रजी नाही काका, मराठीच आहे. जुना फॉन्ट इथे चालत नाही.”

“म्हणजे आमची नावं याच्यात हायेत, पण दिसून नाही राहिली?”

“हो.”

“तलावात मासोळी हाय म्हणा, जाळ्यात नाही.”

जुना छापील कागद संस्थेच्या पेटीत वाळवीने संपवला होता. अध्यक्षांनी सगळी नावं तोंडपाठ सांगितली, मी युनिकोडमध्ये टाइप केली. संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या कार्यालयात कारकुनाने छापील अर्ज बाजूला ठेवून सीडी मागितली. त्याच्या डोक्यावर ‘संपूर्ण संगणकीकृत कार्यालय’ अशी पाटी होती. ती लावल्यावर पडद्यावर नुसते चौकोन आले.

“हे डबे कायचे, मॅडम?”

“युनिकोड आहे. तेच वापरायचा शासनाचा आदेश आहे.”

“आदेश आला. फॉन्ट नाही आला.”

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा कागदांचे गठ्ठे तिकडे गेले. हा जुना फॉन्ट मात्र दोन्हीकडे शाबूत राहिला. समोरच्या टायपिंगच्या दुकानात बाईंनी, अर्थात चोरीच्या प्रणालीवर, सगळं त्या जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केलं, छापलं आणि नवी सीडी करून दिली. माझं तत्त्व मी बाहेर चपलांपाशी ठेवलं. पाच वाजायला आले होते.

कारकून यादीवर बोट फिरवत शेवटपर्यंत गेला. “काका, यात तुमचंच नाव नाही. सभासद नाही तो अध्यक्ष कसा?”

अध्यक्ष माझ्याकडे बघू लागले. सगळ्यांची नावं सांगताना स्वतःचं सांगायचं राहिलं होतं, आणि टाइप करण्याच्या नादात मलाही ते सुचलं नव्हतं.

“आता दुकानात जायले वेळ नाही,” कारकून म्हणाला. “पेनानं लिहा खाली.”

मी पेनाने लिहिलं, काकांनी बाजूला सही केली. कारकुनाने शिक्का मारला आणि नवी सीडी न उघडताच खणात टाकली.

“काल सारंच पेनानं लिहिलं असतं तं?” बस स्टँडवर काकांनी विचारलं.

मी बस बघत राहिले.