सरासरीतलं दूध

१९६२ साली अमरावतीच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या वर्गात सुभद्रा गावंडे ही एकटीच लग्न झालेली. सरांनी सरासरी शिकवली: घरातलं दूध भागिले घरातली माणसं. "म्हणजे माणशी पावशेर," ते म्हणाले.

सुभद्रा उठली. "सर, या हिशेबात मले पावशेर मिळते. घरी पुरुष जेवून उठले का दुधाचा गंज रिकामा असते."

वर्ग हसला. सर म्हणाले, "प्रबंधासाठी घरोघरी दुधाची पाहणी कराल, तेव्हा घरच्या कर्त्यालाच विचारायचं. नाहीतर तुमचा प्रबंध मान्य होणार नाही."

"नका करू," ती म्हणाली.

राजापेठेतल्या पहिल्याच घरी कर्ते पुरुष ओसरीवर उत्तरं द्यायच्या तयारीत बसले होते. त्यांना नमस्कार करून सुभद्रा थेट चुलीपाशी गेली. तिथल्या बाईला तिनं विचारलं, "आज तुमच्या वाट्याले किती दूध आलं, बाई?"