निघोज्याच्या चौघांची वाटणी

फाईल संपली की गठ्ठा बांधून माळ्यावर टाकता येते. किश्श्यांचं तसं होत नाही. ते टेबलावरच पडून राहतात, आणि ऑफिसात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो निघोज्याचा सांगा ना."

मी चाकणला जमिनीची वकिली करते. मूळची लातूरकडची. नवरा इकडं कंपनीत लागला, त्याच्यामागं आले आणि दुसऱ्यांचे सातबारे वाचत वाचत इथलीच झाले. वाटणीची प्रकरणं ढिगानं पाहिली, पण एकाही घरानं एवढे किस्से दिले नाहीत जेवढे या निघोज्याच्या भावांनी दिले.

थोरले दत्तोबा, शेती आणि म्हशी सांभाळणारे. मधले बबनराव, कंपनीत ऑपरेटर. तिसरा सुनील, क्रेन भाड्यानं देणारा आणि एका वेळी दोन फोनवर बोलणारा. वडील गेल्यावर जमीन तोंडी वाटून घेतलेली, कागदावर नावं अजून एकत्रच. शेजारी कंपन्या आल्या, दारावरून ट्रेलर धावायला लागले, रस्त्याकडेच्या मातीला भाव आला, तसा तोंडी शब्दावरचा भरवसा उडाला. म्हणून माझ्याकडं आले.

*

दत्तोबा आणि बबनराव बांधावरून भांडले होते, त्याला कित्येक वर्षं झाली होती. तेव्हापासून अबोला. पहिल्या मीटिंगला दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले, पण सगळं बोलणं माझ्यामार्फत.

"वकीलताई, ह्यांना सांगा, गोठा म्या माझ्या पैशानं बांधलाय."

"ताई, त्यांना सांगा, जागा बापाची हाय."

मध्येच मला फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत येते तर आतून जोरात आवाज. मला बरं वाटलं, चला, एकदाचे बोलले. दारातून पाहिलं तर बबनराव मान वर करून छताच्या पंख्याला सांगत होते, "ह्यांना म्हणावं, शेणाचा उकिरडा माझ्या दारातनं हलवा." आणि दत्तोबाही पंख्यालाच उत्तर देत होते.

सुनील म्हणाला, "मॅडम, तुम्ही निवांत या. पंखा मीटिंग चांगली चालवतोय."

*

मग विहिरीचा प्रश्न आला. विहीर सामाईक ठेवायची की एकाच्या वाट्याला घालायची, यावर एक अख्खी बैठक गेली. शेवटी ठरलं की सामाईक, आणि पाण्याच्या पाळ्या कागदात लिहायच्या. पाळी कुणाची आधी, यावर दुसरी बैठक. सुनील तर म्हणाला, "मॅडम, क्लिअर लिहा, नंतर लफडं नको."

मी म्हटलं, एकदा विहीर बघून तरी येऊ. गेले. काठावर उभी राहून आत वाकले तर खाली बांधकामाचा राडारोडा, त्यात उगवलेली रुई, आणि एक कुत्री पिल्लांसकट निवांत झोपलेली. पाण्याचा टिपूस नाही.

"दत्तोबा, ह्यात पाणी कधीपासून नाही?"

ते म्हणाले, "ताई, पाण्याचा विषयच न्हाई. विषय पाळीचा हाय."

*

मोजणीला एक खासगी सर्व्हेअर आणला होता, मालवणकडचा, कमी बोलणारा माणूस. दत्तोबा म्हणायचे, "दर नांगरटीला बांध माझ्या रानात सरकवतो." बबनरावांचीही हीच तक्रार, उलट्या दिशेनं. दोघांना खात्री होती की आज समोरच्याची चोरी उघडी पडणार. बबनरावांनी त्यासाठी रजा टाकली होती, आणि दत्तोबांनी धुतलेली टोपी घातली होती.

वडिलांनी बांधाच्या दोन्ही टोकांना खुणेचे दगड पुरले होते. ते सापडले. सर्व्हेअरनं या दगडापासून त्या दगडापर्यंत दोरी ताणली आणि मशीनला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला.

दोरी बरोबर बांधावरून गेली होती. वडिलांच्या काळी ज्या बांधावरून बैलगाडी जायची, तिथं आता दोन पावलं शेजारी शेजारी टेकत नव्हती. दोघांनी दोन्ही बाजूंनी खाल्ला होता.

सर्व्हेअर डोळे पुसून म्हणाला, "बांध जाग्यारच आसा. पण उरलो नाय."

त्या दिवशी जेवायला कुणी थांबलं नाही.

*

कागद लिहायच्या आधी मी विचारलं, "बहिणीचं काय? त्यांचाही वाटा आहे."

बहीण सुरेखा, भोसरीत दिलेली. नवऱ्याचं छोटं वर्कशॉप, वर कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या. खोल्यांचा सगळा कारभार तिच्याच हातात.

"ती हक्क सोडून देईल," दत्तोबा म्हणाले. "आमची सुरेखा तशी न्हाई."

या एका बाबतीत तिन्ही भावांचं एकमत होतं. साडी घेऊन भोसरीला गेले, तिघंही सुनीलच्या गाडीतून. सुरेखाताईंनी पुरणपोळी करून घातली, साडी ठेवून घेतली आणि दुसरं काही बोलल्या नाहीत. भावांनी त्याचा अर्थ होकार असा लावला.

सहीच्या दिवशी त्या तीच साडी नेसून ऑफिसात आल्या. मी कागद वाचून दाखवला, हक्कसोड म्हणजे काय ते समजावलं, आणि विचारलं, "हे तुम्ही स्वखुशीनं करताय ना?"

त्यांनी पदर सारखा केला आणि भावांकडं वळून म्हणाल्या, "साडी झकास हाय, दादा. रंग बी माझ्या आवडीचा. आता वाटा दाखवा."

मी तो कागद बाजूला ठेवला. बबनरावांनी पंख्याकडं पाहिलं, पण तो त्या दिवशी लाईट नसल्यामुळं बंद होता.

*

चार वाटे करायचे ठरले. त्यांच्या घरातली रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला आपोआप सरळ राहतो.

दत्तोबांनी रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत चार लांब पट्ट्या पाडल्या. रस्ता सगळ्यांना, ओढाही सगळ्यांना. एका पट्टीत त्यांचा गोठा, एकीत बबनरावांचं घर, या दोहोंच्या मध्ये ती बांधाची पट्टी, आणि कडेला चौकाला लागून असलेली कोपऱ्याची. सगळ्यांचा डोळा त्या कोपऱ्यावर.

सुनीलनं नकाशा आडवा-उभा करून पाहिला. "दादा, एवढ्या चिंचोळ्या पट्टीत माझी क्रेन वळायची कशी?"

"मग सरळ जा," दत्तोबा म्हणाले.

सुनीलनं मान डोलावली आणि नकाशा जवळ ओढला. धाकट्याचा मान त्याचा. कोपऱ्याच्या पट्टीवर बोट ठेवणार, तेवढ्यात सुरेखाताई म्हणाल्या, "थांब की. धाकटी मी हाय."

रीत भावांनीच सांगितली होती. सुनील बहिणीपेक्षा मोठा, हे त्याच्यासकट सगळेच विसरले होते. त्यानं बोट मागं घेतलं. त्याचा चेहरा असा झाला, की कोपऱ्यासाठी कुणाला तरी शब्द देऊन बसलाय, हे मला न सांगता कळलं.

सुरेखाताईंनी चष्मा लावला, नकाशा सरळ केला आणि बांधाच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ताई, कोपऱ्याची पट्टी मोकळी आहे," मी न राहवून म्हटलं. "बाजारभावानं तीच चांगली."

"दिसतीय मला," त्या म्हणाल्या. "हीच लिहा."

*

नोंदणी झाली, सातबारे वेगळे झाले, गठ्ठा माळ्यावर गेला. पुढं दुसऱ्या एका कामासाठी निघोज्याला गेले, तेव्हा जाता जाता दत्तोबांकडं डोकावले. सुनीलच्या कोपऱ्यावर पत्र्याचं गोडाऊन उभं राहिलं होतं. गोठा आणि घर यांच्या मधल्या पट्टीत कमरेइतकी ज्वारी होती, रस्त्यापासून ओढ्यापर्यंत. बांध कुठंच दिसत नव्हता.

दत्तोबा म्हशीला पेंड घालत होते.

"सुरेखाताई भोसरीत. मग ही पट्टी कसतं कोण?"

"बबननं नांगरली. म्या पेरली."

"म्हणजे बोलायला लागलात तुम्ही दोघं?"

त्यांनी हात झटकले आणि माझ्याकडं पाहिलं.

"त्यात बोलायचं काय, ताई? नांगरलेली दिसली, पेरली."